वेठीचा उखाणा

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला एका शब्दाचा भारी राग होता. शब्द होता 'वेठ'. गढीचा बुरूज बांधायला तो घराघरातले पुरुष धरून न्यायचा. मजुरी नाही, सुट्टी नाही, वर त्याला वेठ म्हणायचं नाही! त्यानं दवंडी पिटली, "यापुढे 'राजसेवा' म्हणायचं. जुना शब्द तोंडातून काढेल त्याचे पाय खोड्यात अडकवू."

लोक घाबरले. "आमचे हे सेवेला गेलेत," असं म्हणत बायका डोळे पुसू लागल्या.

भिवाजी पाथरवटालाही असंच नेलेलं. त्याची बायको कोतवालाच्या घरी हळदीकुंकवाला गेली. बायकांनी तिला गाठलं, "नाव घे गं! लाजतेस काय नव्या नवरीसारखी?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं, त्यात खोटं कसं घालणार? ती म्हणाली,

"भाकरी बांधली पदराच्या गाठीला,
भिवाजीराव माझे जुंपलेत वेठीला."

हसणाऱ्या बायकांनी दचकून ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर पान लावत बसलेला कोतवाल उठून आत आला.

"पाथरवटणी, 'सेवेला' म्हण. पुन्हा नीट नाव घे, उद्या नवरा घरी पाठवतो."

शब्द तिच्या ओठांशी आलाच होता. पोरं रोज बापाची वाट बघत होती. पण तिनं तो गिळला.

"सरकार, सेवेला गेलेला माणूस मनात आलं की घरी येतो. माझा माणूस तुम्ही सोडाल तेव्हा येणार. ही कसली सेवा?"

"घाला हिला खोड्यात!" कोतवाल ओरडला.

"थांबा." कोतवालाच्या बायकोनं हातातला करंडा खाली ठेवला. "माझं नाव घ्यायचं राहिलंय."

"जरीचा पदर माझ्या पाठीला,
मानाजीराव माणसं धरतात वेठीला."

"आता घाला दोघींना," ती म्हणाली. "एकाच खोड्यात बसतो आम्ही."

कोतवालाला घाम फुटला. खुद्द आपल्या घरात तो शब्द निघाला हे राजाला कळलं तर नोकरी जायची! त्यानं प्रकरण तिथंच दाबलं आणि दुसऱ्या दिवशी भिवाजीला मुकाट्यानं सोडलं.

भिवाजी दारात आला तो पाठ सोललेली, बोटं चेचलेली. बायको पाणी घेऊन धावली.

"अजून पुष्कळजण आहेत गं तिथं," तो म्हणाला.

"नावं सांगा त्यांची," ती म्हणाली. "त्यांच्या बायकांकडे जाऊन येते."

तात्पर्य एवढंच: डब्यावर गूळ लिहिलं तरी आतली मिरची झोंबायचीच. ज्याला जुलूम थांबवायचा नसतो, तो त्याला नवं नाव देतो. आपण त्याचं खरं नाव चारचौघांत घ्यावं, आणि मोठ्यानं घ्यावं.