जायफळाचा एक वेढा

फार पूर्वी बाळगुटीच्या डब्यातली औषधं बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाबाई रोज सहाणेवर मुरुडशेंग पाच वेढे उगाळायची, जायफळ मात्र एकच. जायफळ धुसफुसायचं, "सुगंध माझा आणि मान हिचा!"

एके दिवशी बाळ फारच किरकिरत होतं. जायफळ म्हणालं, "बाई, आज मलाही पाच वेढे द्या. बघा कसं शांत झोपतं."

दमलेल्या सगुणाबाईने ऐकलं. बाळ झोपलं ते झोपलंच. दुधाची वेळ टळली, हलवलं तरी डोळा उघडेना. तिचे हुंदके ऐकून जायफळाचा जीव कासावीस झाला. तिन्हीसांजेला बाळाने एकदाचं भोकाड पसरलं, तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सहाणेवर एक वेढा झाला आणि जायफळ आपणहून म्हणालं, "पुरे, बाई."