तांदळातलं नाव

"पण मग त्या सगळ्यात ती कुठे होती, माई?"

प्रल्हाद भारंबे यांनी हे विचारलं तेव्हा माई तांदूळ निवडत होत्या. तापीकाठचा लहानसा मठ, समोर केळीच्या बागा, आणि ओसरीवर मांडीपुढे ताट घेऊन बसलेली ही म्हातारी संन्यासिनी.

"कशात?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

भारंबे खाकरले. कॉलेजात जन्मभर समाजशास्त्र शिकवलेलं. मुद्दा नीट मांडल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे.

"घरात कुणी काय करायचं, यावर आमच्या शास्त्रात मुख्य तीन मतं आहेत. एक मत म्हणतं, संसार चालावा म्हणून कामं वाटली गेली. पुरुषानं बाहेरचं बघायचं, बाईनं घर आणि घरातल्यांची मनं सांभाळायची."

"हे मत माझ्या सासऱ्यांचंही होतं. त्यांना त्याचा पगार मिळत नव्हता, एवढंच."

भारंबे हसले नाहीत.

"दुसरं म्हणतं, ही वाटणी नव्हेच, बाईला फुकट राबवून घ्यायची सोय आहे. आणि तिसरं म्हणतं, बाईपण, पुरुषपण कुणी जन्मताना आणत नाही. लहानपणापासून तेच ते करून घेतात, मग ते अंगवळणी पडतं."

"चांगली आहेत की मतं. अडलंय कुठे, मास्तर?"

"प्राध्यापक."

"बरं. प्राध्यापक मास्तर, अडलंय कुठे?"

भारंबे केळीच्या बागेकडे पाहत राहिले. वारा आला की पानं एकमेकांवर घासत. आतल्या खोलीत कुणी खळ घातलेली साडी नेसत असावं, तसा आवाज येई.

"बायको गेली," ते म्हणाले. "वर्षश्राद्धही झालं. शैलजा... मी कॉलेजातून आलो की पायरी चढायच्या आत पाण्याचा तांब्या हजर. मला ताप आला की तिला झोप नाही. सगळं वेळच्या वेळी. कधी चिडली नाही. कधी काही मागितलं नाही."

"मग?"

"पहिल्या मतानं ती आपलं काम करत होती. दुसऱ्या मतानं तिला सुटका नव्हती. तिसऱ्यानं, सवय होती. रिकाम्या घरात बसून मी रोज तेच उलटसुलट करतो, माई... ती मला आवडीनं पाणी देत होती, हे तिन्हींत कुठेच बसत नाही. एकदा तरी तिनं तांब्या आपटला असता, तर कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की एरवी तो आपटायचा नाही, हे ती ठरवत होती."

माईंचा हात थांबला.

"हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "एवढ्या दुःखातही हुशार आहेस, हे वाईट."

"मला एवढंच सांगा. तिनं माझं जे जे केलं, ते बायको म्हणून केलं, की तिला स्वतःला वाटलं म्हणून?"

"तिला म्हणजे कुणाला?"

"शैलजाला."

माईंनी निवडलेले खडे खाली टाकले. तांदूळ ताटभर सारखे केले आणि ताट भारंब्यांपुढे सरकवलं.

"लिही तिचं नाव."

लग्नात असंच ताट पुढे आलं होतं. तेव्हा भटजींनी हातात अंगठी दिली होती. आता भारंब्यांनी बोटानं लिहिलं... शैलजा.

माईंनी ताट हलवलं. नाव मोडलं.

"हे तू ठेवलेलं. आता तिचं लिही."

बोट ताटावर तसंच राहिलं.

"माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग?"

"गावठी होतं, माई." भारंबे म्हणाले, "सासूबाईंची आधीची मुलं जगली नव्हती. ही झाली तेव्हा तिला सुपात ठेवलं आणि नाव दिलं सुपडी. टाकाऊ समजून मरणानं पुढे जावं म्हणून... मी नुकताच नोकरीला लागलो होतो. वाटलं, स्टाफरूममध्ये हे नाव कसं सांगायचं?"

"ती काय म्हणाली?"

"तुम्हाला आवडलं ना, मग झालं."

"हं."

थंडीत तिचा भाऊ यावलहून भरताची वांगी घेऊन येई. स्वयंपाकघरात फतकल मारून बसे, तिला 'ए सुपडे' म्हणे, आणि ती हसे. भांड्यांच्या आवाजातूनही बाहेर ऐकू येईल असं. भारंबे बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून ऐकत बसत. एकदा त्यांना राहवलं नाही. ते आत गेले आणि म्हणाले, "काय चाललंय? मलाही सांगा." हसणं थांबलं. तिनं पदर सावरला, उठली, आणि विचारलं, "चहा ठेवू?"

हे त्यांनी माईंना सांगितलं. कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ होती.

"मला ते हसणं हवं होतं, माई."

"आणि मिळाला चहा."

"...हो."

"लिही."

त्यांनी लिहिलं. हाताला वळण नव्हतं. पहिलंच अक्षर वाकडं आलं.

"आता हाक मार."

"इथे?"

"इथे काय झालं? ही काय स्टाफरूम आहे?"

भारंब्यांनी ओठ उघडले.

"सुपडे..."

आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. आज्ञा नव्हती त्यात, सवयही नव्हती. नवीन लग्न झालेल्या माणसानं दारातून आत डोकावावं, तसा तो होता.

वारा पडला होता. पानं गप्प होती. नदीपलीकडे कुणाचा तरी पंप धकधकत होता. भारंबे कान देऊन बसले. आपण काय करतो आहोत ते कळत असूनही, बसले...

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"आता तरी सांगा, माई. होतं का तिचं माझ्यावर प्रेम?"

माईंनी दोन्ही हातांनी ताट उचललं. इतकं हळू, की तांदळाचा एक दाणा हलला नाही. ते त्यांनी कोनाड्यात, वाऱ्याच्या आडोशाला ठेवलं आणि मागे वळल्या.

"आत्ता कुठे हाक मारलीस, बाळा. ओ यायला वेळ तरी देशील?"