मच्छरदाणीतला भोपळा

"कुणाची नजर लागली तेवढं सांगा, अक्का. नाव सांगा. पुढचं मी बघून घेते."

वत्सला बोराटेनं पदराची गाठ सोडली. आत लिंबाएवढे पाच-सहा कोवळे भोपळे होते. सगळे पिवळे पडून गळलेले.

भागूअक्का नदीपलीकडच्या मठात राहायच्या. मठ म्हणजे काय, एक खोली, एक समाधी आणि अर्धा एकर भाजी. लोक अंगाऱ्याला यायचे आणि वांग्यावरच्या किडीचं विचारून जायचे. आज वत्सलानं त्यांना सकाळी सकाळीच रिक्षात बसवून आपल्या परसात आणलं होतं.

आता ही वत्सलाही काही साधीसुधी बाई नव्हे. सगळ्या कॉलनीला बागकाम हिनं शिकवलेलं. भेंडी एक दिवसाआड तोडा, जून होऊ दिलीत तर झाड फुलायचं थांबतं. मिरचीचा पहिला शेंडा खुडा. धणे रगडून पेरा. कुणी विचारायचा अवकाश, की हिचं सुरू. आणि आज तीच बाई भोपळ्यासाठी अक्कांना नजर विचारत होती.

मांडवावर वेल चांगला माजला होता. आणि त्याच्यावर चारी बाजूंनी मच्छरदाणी. खालून विटांनी दाबलेली.

"ही कशाला?"

"लोकांना सांगते, फळमाशीसाठी." वत्सलाचा आवाज खाली आला. "खरं म्हणजे नजरेसाठी. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की गळतं ना... म्हणून म्हटलं, कुणाला दिसायलाच नको."

मांडवामागे खोलीची खिडकी होती. तीही बंद. काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं.

"आत कोण?"

"सून. सारिका. सातवा चाललाय तिला. आधीची दोन राहिली नाहीत. एक तिसऱ्यात गेलं, एक पाचव्यात. यावेळी कुणाला कळू दिलं नाही मी. दवाखान्यात नेते तेवढीच, तीही रिक्षाचा पडदा पाडून."

"आणि हा वेल?"

"तिला पाचवा लागला तेव्हा बी टाकलं. मनाशी म्हटलं, ह्याला फळ धरलं तर तिचंही सुखरूप होईल. रोज दोन कळशा पाणी घालते. चुकत नाही एक दिवस. पण एकसुद्धा धरत नाही हो, अक्का! भीतीनं डोळ्याला डोळा लागत नाही माझा."

अक्कांनी एक वीट सरकवली, मच्छरदाणी उचलली आणि आत शिरल्या, मागोमाग वत्सला. त्या सकाळी एक मादीचं फूल उमललं होतं. फुलाच्या मागं हिरवं, गुळगुळीत फळ.

अक्कांनी हात वर केला आणि फळाकडे सरळ बोट दाखवलं.

"अहो!" वत्सलानं झडप घालून ते बोट मुठीत धरलं. "बोट काय दाखवता! वाकवा, वाकवा ते!"

"दाखवून झालं. गळलं का?"

"लगेच नाही गळत... चौथ्या दिवशी पिवळं पडतं."

"मागच्यांना कुणी बोट दाखवलं होतं?"

"छे! इकडे कुणाला फिरकूच देत नाही मी."

"मधमाशीला?"

वत्सलानं मच्छरदाणीकडे पाहिलं.

"ह्या फुलातलं त्या फुलात कोण नेणार गं? जगाला शिकवतेस ना तू?"

"माहीत आहे मला." ती एकदम चिडली. "हातानंही लावता येतं. पलीकडच्या कुलकर्णीणबाईंना मीच दाखवलं ते."

"मग?"

"माझ्या हातानं नको वाटलं."

"का?"

"नजर माझीच आहे, अक्का."

कुणाचं तरी नाव ऐकायला अक्कांना घेऊन आलेली बाई ही! तोंड पांढरंफटक पडलं होतं तिचं.

"दोन्ही वेळा मीच आधी हरखले. पहिल्या वेळी कुंची शिवून ठेवली. दुसऱ्या वेळी तिच्या पोटावरून हात फिरवला... आठवड्यात गेलं. ह्या वेळी दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून मी तिच्याकडे बघितलेलंच नाही. ताट ठेवते आणि मान खाली घालून बाहेर येते."

अक्कांनी लांब देठाचं एक नराचं फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि मधला पिवळा दांडा वत्सलापुढे धरला.

"लाव."

"मी नको. तुम्ही लावा ना."

"तुझा वेल आहे."

तेवढ्यात कडी वाजली. वर्तमानपत्र टर्रकन फाटलं आणि खिडकी उघडली. सारिकानं सगळं ऐकलं होतं.

"आई, मला वाटायचं तुमचा राग आहे माझ्यावर," ती म्हणाली. "दोन गेली म्हणून."

वत्सलाची मान आणखी खाली गेली. तशीच ती फुलापाशी सरकली. तिनं तो दांडा फुलाच्या आत टेकवला आणि हलकेच फिरवला. पिवळी पूड तिच्या बोटांना लागली, फुलालाही लागली.

मग तिनं मान वर केली.

पोर पार वाळली होती. डोळे खोल गेले होते. एक हात गजावर, एक पोटावर. वत्सलाला हुंदका फुटला, पण तिनं नजर काढून घेतली नाही.

"आता राहील ना हो, अक्का?" सारिकानं विचारलं.

अक्का मच्छरदाणी काढून तिची घडी घालत होत्या.

"माहीत नाही गं."

सारिका सासूकडे वळली.

"आणि... नाही राहिलं तर, आई?"

वत्सलानं घाबरून अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी घडी तिच्या हातात दिली.

"माझ्याकडे काय बघतेस? तुला विचारतेय ती. नाही राहिलं, तर वेलाचं पाणी तोडणार आहेस का?"