न दिसणारा उजेड

“न दिसणारा उजेड? मग दाखव मला तो! पूजेच्या आत दाखवलास तर तू म्हणशील ती हेल्मेटं आणतो. नाहीतर हीच वापरायची, आणि तू परत कॅन घासायला!”

दुधाचे कॅन बनवणाऱ्या कारखान्याचे मालक तात्यासाहेब खराडे गरजले. खंडेनवमीचा दिवस, नवं लेसर वेल्डिंगचं मशीन झेंडूच्या माळा घालून उभं. पूजा झाली की पहिला टाका मालकांनी मारायचा, ही तिथली रीत. तात्यासाहेबांनी हौसेनं पाच हेल्मेटं आणली होती, सगळ्यांत काळ्या काचेची. जितकी काळी तितकी डोळे राखणारी, हा त्यांचा हिशोब. एकदा त्यांनी हिशोब केला की ब्रह्मदेवाची प्राज्ञा नव्हती तो बदलायची!

पण वेल्डर रुक्साना शिकलगार अडून बसली. “मालक, ही जुन्या वेल्डिंगची. लेसरचा उजेड डोळ्याला दिसत न्हाई, पण डोळा जाळतो. त्याच्या लहरीचा आकडा मशीनवर लिवलेला हाय. तोच काचेवर पायजे. मग काच फिकट हिरवी का असंना!”

त्यावर मालकांनी हा पेच टाकला. बाकीचे चार वेल्डर खाली बघू लागले. डोळे त्यांचेही होते, पण बोलणार कोण?

रुक्साना कॅन्टीनमध्ये गेली आणि भाकरीचे दोन तवे चिमट्यानं धरून आली. दोन्ही सारखेच काळेकुट्ट. ते विटांवर ठेवून तिनं मालकांच्या डोक्यावर त्यांचंच हेल्मेट चढवलं.

“यातल्या गार तव्यावर हात ठेवा, मालक!”

“अगं, गार कुठला?”

“बगा की! काच चांगली काळी हाय.”

तात्यासाहेबांनी काच वर केली, खाली केली. खाली असली की सगळा काळोख, वर असली की दोन्ही तवे सारखेच. शेवटी हट्टानं एकाकडे हात नेला आणि वीतभर वरूनच झटकन मागे ओढला.

“का हो? काय दिसलं?”

“दिसलं काही नाही! झळ लागली!”

“ह्योच तो, मालक! न दिसणारा उजेड. लेसरचा ह्याचाच भाऊबंद, पण लई तिखट. हाताला झळ लागली म्हणून हात वाचला. डोळ्याला ती लागतच न्हाई!”

तात्यासाहेब हात चोळू लागले. मग हळूच म्हणाले, “पटलं बाई. पण ती हेल्मेटं यायला तीन दिवस लागतील. आजचा मुहूर्त हुकला तर?”

“खंडेनवमी पुढच्या वर्षी परत येती, मालक. डोळा येत न्हाई!”

तात्यासाहेब असे खो खो हसले की डोक्यावरचं हेल्मेट गदागदा हलून काच धाडकन खाली आली. आतूनच ते ओरडले, “नारळ आज फोडा रे! मशीन मात्र हेल्मेटं आल्यावर. आणि पहिला टाका मी नाही, रुक्साना मारेल!”