गोजाईची गोफण आणि परक्याची मूठ

सज्जनहो, मन क्षणभर स्थिर करा आणि उंबरखडी गावाच्या ओढ्यापलीकडचा उघडा माळ डोळ्यांसमोर आणा. फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून खेळत असतील त्या काळी, त्या माळावर एकच घर होते. मातीच्या धाब्याचे, एका दाराचे. तिथे गोजाई नावाची विधवा आपला मुलगा आणि सून रखमा यांच्यासह राहत असे.

गोजाईसारखा गोफणीचा हात त्या मुलखात पुन्हा झाला नाही, असे म्हणतात. बाजरीला कणसे आली की ती राखणीच्या मचाणावर उभी राही, अंबाडीची गोफण डोक्याभोवती फिरवी आणि मुखाने विठ्ठल म्हणत दोर सोडी. त्याचा कडाडा ओढ्याअलीकडे गावात ऐकू येई. पण तिचा दगड कधी पाखराला लागला नाही. तो कणसाच्या बाजूने जाई, पाखरू उडे आणि कणीस हलतसुद्धा नसे. गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवशी तिने शब्द दिला होता, की माझ्या हातचा दगड जिवाला लागणार नाही. तिच्या देवघरात मूर्ती नव्हती. नांगरताना शेतात मिळालेला एक काळा, गुळगुळीत, वाटोळा धोंडा होता. त्यालाच ती पांडुरंग म्हणे.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या साली दुष्काळ पडला होता. भुकेच्या घरात बियाणे राहणार नाही, हे गावाने ओळखले. म्हणून सगळ्या गावाची शाळूची बी एकाच कणगीत भरली, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून तोंड शेणाने लिंपले, आणि कणगी गोजाईच्या घरात ठेवली. गोजाईने तो उन्हाळा झाडपाला उकडून खाल्ला. कणगीच्या लिंपणाला नखही लागले नाही. आता पाऊस झाला होता, बाजरी दाण्यावर होती आणि हस्त नक्षत्र तोंडावर आले होते. हस्तात शाळू पेरला तर गाव जगणार होते. ती बी गेली असती, तर गाव उठून ओस पडले असते.

अशा वेळी एका दुपारी लुटारूंची टोळी माळावर आली. गोजाईचा मुलगा औते घेऊन लांबच्या रानात गेला होता. घोडी पाहताच गोजाईने रखमाला आत पाठवून आतून अडसर घालायला लावला; मग ती बाहेरून शिडीने धाब्यावर चढली आणि शिडी वर ओढून घेतली.

टोळीचा नायक अंगणात आला. वर पाहून हसला.

"म्हातारे, उतर खाली. पडशील."

"पडले तर तुझ्याच अंगावर पडंन," गोजाई म्हणाली. "काय पाहिजे?"

"कणगी."

"उपाशी असशील तर भाकरी टाकते, बसून खा. वर पाटीभर बाजरी देते. पर कणगीत धान्य न्हाई, लेकरा. बी हाय."

"बी काय आन् दाणा काय, पोटात गेलं की एकच."

"तेवढंच तर तुला कळंना," गोजाई म्हणाली, आणि तिने कमरेची गोफण सोडली.

पहिल्या दगडाने नायकाच्या हातचा भाला मधोमध मोडला, असे म्हणतात. दुसऱ्याने एकाचे पागोटे उडून बोरीच्या काट्यात अडकले. एका घोडेस्वाराचा लगाम तुटला, एकाची तलवार मुठीपासून वेगळी झाली, आणि कोणाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. धाब्याला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून रखमा खालून राखणीसाठी साठवलेले दगड देत होती, आणि गोजाईच्या मुखी नाम अखंड होते. सूर्य त्या वेळी जागचा हलला नाही, असेही म्हणतात.

आणि गाव? गाव ओढ्याअलीकडे खुरपत होते. कडाडे सगळ्यांनी ऐकले.

"गोजाक्काला आज राघूंनी लई छळलंय," एक जण म्हणाला.

"राघू कसले छळतात? तीच त्यांना छळतीय. खुरपा गुमान," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

रोजचाच आवाज होता तो. कोणी मान वर केली नाही.

शेवटी नायक संतापला. "आम्हाला न्हाई, तर कुणालाच न्हाई," असे म्हणून त्याने पलिता पेटवला. घराच्या भिंतीला लागून कडब्याची गंज होती. गंज पेटली की धाब्याची लाकडे पेटणार, आणि आत कणगी होती, रखमा होती. त्याने घोडा गंजीकडे घातला.

"दगड दे, रखमा."

"संपले, आत्याबाई." मग रखमाचा आवाज खाली गेला. "एकच हाय. देवघरातला."

गोजाईने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. मग म्हणाली, "दे."

भोकातून काळा धोंडा वर आला. गोजाईने तो कपाळाला लावला आणि गोफणीत ठेवला. त्या वेळी तिने नाम घेतले नाही, असे म्हणतात. माळावर वाराही थांबला. असा कडाडा झाला की ओढ्याचे पाणी शहारले, आणि नायक पलित्यासकट ओल्या मातीत कोसळला. बाकीची घोडी उधळली, ती पुन्हा त्या मुलखात दिसली नाहीत.

घोडी पळताना पाहून गाव धावत आले. पाहतात तो गोजाई अंगणात बसलेली, आणि नायकाचे डोके तिच्या मांडीवर. ती त्याच्या तोंडात पाणी घालत होती. त्याचे नाव तिने विचारले. ते सांगण्याआधीच त्याने प्राण सोडला.

गावकरी हात जोडून म्हणाले, "आई, देवानं मारला त्याला."

"देवावर घालू नका," गोजाई म्हणाली. "देव दगड झाला. हात माझा होता."

तिने त्या परक्याला बांधावर मूठमाती दिली आणि पोटच्या पोरासारखे त्याचे सुतक पाळले. गोफण ओढ्यात सोडली. काळा धोंडा देवघरात परत नेला नाही. तो त्या परक्याच्या उशाशी ठेवला. पुढे तिच्या शेताची राखण कोणी केली नाही. तरी थवेच्या थवे यायचे, बांधावर बसायचे, आणि तिच्या कणसाला चोच लावायचे नाहीत, असे म्हणतात.

उंबरखडीत आजही गोफणीचा कडाडा झाला, की माणसे हातातले खुरपे ठेवून उभी राहतात आणि आवाजाच्या दिशेला एकदा बघून घेतात. राखणदार हात हलवतो, मग खाली बसतात. आणि हस्तात पेरणीची पाभर धरण्याआधी प्रत्येक घरातली थोरली बाई त्या बांधावर जाते, काळ्या धोंड्याला पाणी घालते आणि बियाण्यातली पहिली मूठ तिथे उधळते. तिला परक्याची मूठ म्हणतात. पाखरे उतरतात, टिपू लागतात. ती पोटभर खाऊन आपणहून उडेपर्यंत गावात कोणी बैल जुंपत नाही.