एकट्या भरतीचा दिवस

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे करंजवेळच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं लागली त्याच्याही आधीची ही गोष्ट. तिथे द्रौपदा नावाची एक मुलगी होती. तिची आई ओहोटीला वाळूतून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायची आणि द्रौपदा तिच्या मागोमाग काठीने वाळूवर गणितं मांडत जायची. तिच्या आकड्यांना पाटी पुरायचीच नाही, असं म्हणतात. एक गणित तर देवळापासून पाण्यातल्या खडकांपर्यंत गेलं, आणि त्यावर पाय पडू नये म्हणून अख्खा गाव वळसा घालून गेला.

"गो, दर्याची पाटी केलंस? पुसतलो तो," आई म्हणायची.

"पुसल्यान तर परत लिवतलंय."

पण नवल असं, की भरती सगळ्या वाळूवरून फिरायची आणि चुकलेली ओळ तेवढीच पुसून जायची. बरोबर ओळी पाण्याखाली तशाच राहायच्या, आणि त्यांच्यावरून मासे सावकाश पोहत जायचे. खरंखोटं दर्याला ठाऊक.

द्रौपदा शिकत शिकत शहरातल्या विद्यापीठात गेली आणि तिथे गणिताची प्राध्यापक झाली. तिथल्या विद्वानांना वाटलं, बाई आहे, चार दिवस राहील नि जाईल. बाई कुठली जाते! तीन पिढ्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले होते, असं एक कोडं तिने धरलं ते सात वर्षं सोडलं नाही. तिच्या फळ्याला कान लावला की समुद्राची गाज ऐकू यायची, असं म्हणतात. सातव्या वर्षी कोडं सुटलं. मोठमोठ्या पंडितांनी ते तपासलं आणि माना डोलावल्या. विभागप्रमुखाच्या खुर्चीवर तोवर एकही बाई बसली नव्हती. ती खुर्ची तिला द्यायचं ठरलं.

द्रौपदाला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण पंडितांनी तपासलं, दर्याने कुठे तपासलं होतं? म्हणून खुर्चीवर बसण्याआधी ती गावी आली, आणि आपलं सगळं गणित तिने वाळूवर उतरवलं. भरती आली आणि गेली. बघते तर मधली एक ओळ नाहीशी झालेली!

"काय होतां थंय?" आईने विचारलं.

"प्रत्येकाक जोडी आसता, इतक्यांच. दिसाक दोन भरती येतत ना, तशी."

आई खुदकन हसली. "खुळां चेडू! पंधरवड्यातसून एक दिस दर्या एकदाच येता. दुसरी भरती उशीर करून फुडल्या दिसात जाता. तुका ठावक नाय?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! दिवसाला दोन भरत्या हे जन्मल्यापासून इतकं अंगवळणी पडलेलं, की तिने ते कधी मोजूनच पाहिलं नव्हतं. जगात कुणालाच ही चूक दिसली नव्हती. ती गप्प राहिली असती, तर खुर्ची तिचीच होती.

आईने टोपली डोक्यावर घेतली. "तू गप रवतलंस गो. दर्याक गप रव म्हणान कोण सांगतलो?"

दोन दिवसांनी विद्यापीठाच्या भर सभेत द्रौपदा त्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं." तेव्हा सभागृहात कुठूनसं पाणी आलं आणि पंडितांच्या वहाणा भिजल्या, असं म्हणतात. खुर्ची दुसऱ्याला मिळाली. द्रौपदा पोटभर रडली आणि पुन्हा फळ्याकडे वळली.

पुढे अकरा वर्षं गेली. तिचे केस मिठासारखे पांढरे झाले. जे एकटे असतात त्यांना गणितात जागा करून देता देता कोडं एकदाचं खरोखर सुटलं. आई तेव्हा नव्हती. द्रौपदाने गावी येऊन सगळं पुन्हा वाळूवर लिहिलं आणि ती जुनी ओळ होती तिथे आईच्या शब्दांत नवी ओळ लिहिली: एक दिस दर्या एकदाच येता. भरती आली, गुडघाभर चढली, उतरली. एक कानासुद्धा हलला नव्हता.

माघातल्या पहिल्या एकट्या भरतीच्या दिवशी करंजवेळचे लोक अजूनही वाळूवर जमतात. वर्षभरात आपलं जे चुकलं ते प्रत्येक जण काठीने लिहितो आणि मोठ्याने म्हणतो, "माझं चुकलं." मान पहिला गुरुजींचा, मग सरपंचांचा, मग पोरांचा. मग सगळे पाण्याची वाट बघत बसतात. त्या दिवशी दर्या एकदाच येतो, पण सगळ्यांचं पुसून जातो.