एका रात्रीत अर्धा झालेला भाव

मुलांनो, साग आणि ऐन यांनी गच्च भरलेल्या एका डोंगराळ जंगलात एक खार राहत असे. अंगाने चिमुकली, पण भारी चौकस. काही नवे दिसले, की "हे असं का?" हा प्रश्न तिच्या तोंडून निघालाच म्हणून समजा.

त्या जंगलात मधमाश्यांनी मधाची एक कंपनी काढली होती. कड्यावर नवी पोळी बांधायची, त्यांच्या राखणीला वानरे ठेवायची, तर वानरांना रोज खाऊ हवा. तो आणायचा कुठून? राणीमाशीने युक्ती काढली. जो कंपनीला चारोळ्या देईल, त्याला मेणाचा शिक्का मारलेले एक पिंपळपान द्यायचे. ते पान म्हणजे कंपनीतला त्याचा वाटा, त्याचा शेअर. हंगाम संपला, की ज्याच्याजवळ जितकी पाने, त्या प्रमाणात त्याला मधाचा वाटा. पुढे पुढे प्राणी ही पाने आपापसांत विकू लागले, विकत घेऊ लागले. रोज सकाळी एका जुन्या बेहड्याच्या झाडाखाली बाजार भरे आणि आज एका पानाला किती चारोळ्या, तो भाव ठरे.

भाव टिपून ठेवण्याचे काम सुतारपक्ष्याचे. बाजार उघडताच तो बेहड्याच्या खोडावर चोचीने एक भोक पाडी. भाव चढला तर भोक वर, उतरला तर खाली. दुसऱ्या दिवसाचे भोक आदल्या दिवसाच्या शेजारी. तीन वर्षांत ही रांग खोडाच्या मागच्या अंगाने सुरू होऊन पुढे आली होती. येणारे-जाणारे प्राणी फक्त शेवटचे भोक बघत आणि आपल्या वाटेने जात. खारीला मात्र त्या रांगेचे वेड लागले होते! ती भोकांवर पाय ठेवत धावे. चढ आला की तिला धाप लागे, उतार आला की ती घसरत जाई. मग सुतारपक्ष्याला विचारी, "सुतारदादा, इथे भाव एवढा का चढला हो?"

"पळस फुलले होते ना! माश्यांची नुसती चंगळ चालली होती."

"आणि हा लांबलचक उतार?"

"तो वणव्याचा. तिसावरून एकोणिसावर आला भाव. पण नऊ दिवस लागले बरं का त्याला खाली यायला, आणि पुन्हा वर यायला दोन महिने."

खारीजवळ स्वतःची दोन पाने होती. एकेक चारोळी वेचून तिने ती घेतली होती.

एके दिवशी सकाळी बेहड्याखाली एकच गलका उडाला. काल भाव होता चाळीस. आजचे भोक थेट विसावर! शेवटच्या दोन भोकांमध्ये हातभर अंतर पडले होते. माकडे फांद्या गदागदा हलवू लागली, मोर ओरडू लागला, भेकरे सैरावैरा पळू लागली. आणि या साऱ्या गोंधळाच्या मधोमध एक कोल्हा चारोळ्यांनी भरलेली टोपली घेऊन शांत उभा होता.

"बुडाली! माश्यांची कंपनी बुडाली!" तो गळा काढून म्हणाला. "काल चाळीस, आज वीस, उद्या शून्य! पण मला तुमची दया येते. पानामागे अठरा चारोळ्या देतो. आहेत तोवर घ्या!"

अस्वल पुढे झाले आणि आपली तिन्ही पाने त्याने कोल्ह्याच्या पुढ्यात टाकली. त्याच्यामागे प्राण्यांची रांगच लागली. रांगेत एक ससीण होती. तिच्या हातात पाच पाने होती. बिळात चार पिले, आणि या पानांवर येणारा मध देऊन ती त्यांच्यासाठी वर्षभराचे धान्य घेत असे.

खारही घाबरली. दोन्ही पाने छातीशी धरून ती रांगेकडे धावली, अर्ध्या वाटेत थबकली आणि खोडाकडे बघू लागली. एका दिवसात निम्मा भाव? वणव्यात सगळे जंगल पेटले होते, तरी भाव उतरायला नऊ दिवस लागले होते. मग काल रात्री असे काय घडले? ना आग, ना वादळ. वर कड्यावर तर माश्या नेहमीसारख्याच गुणगुणत होत्या!

"ससेताई, थांब!" ती ओरडली. "माझं बघून होईपर्यंत पान देऊ नकोस!"

"काय बघायचं राहिलंय आता, खारूताई?" ससीण रडवेली झाली होती. "टोपली रिकामी झाली तर अठराही मिळायच्या नाहीत. माझी पिलं काय खातील?"

"थोडा वेळ दे मला. एवढं माझं ऐक!" कोल्हा अजून अस्वलाच्या चोपन्न चारोळ्याच मोजत होता.

खार सरसर खोडावर चढली आणि उलट्या दिशेने धावत सुटली. कालचे भोक, महिन्यापूर्वीचे, पळसाचा चढ, वणव्याचा उतार. एका दिवसात एवढी मोठी उडी कुठेच नव्हती. खोडाच्या मागच्या अंगाला जुन्या भोकांवर वेलींचे जाळे माजले होते. तिकडे ती आजवर कधी गेलीच नव्हती. कशाला जायचे, ते तर फार जुने, असे तिला वाटे. आज तिने दातांनी वेली कुरतडल्या, पंजांनी ओढून काढल्या आणि एकदम तिची शेपटी ताठ उभी राहिली.

तिथे तशीच उडी होती! साठवरून थेट तीस, तीही एका दिवसात. आणि दोन भोकांच्या मधे चोचीने टोचलेल्या दोन बारीक उभ्या रेघा होत्या.

"सुतारदादा!" खार एवढ्या जोराने किंचाळली, की वरच्या फांदीवरचा सुतारपक्षी दचकला. "या दोन रेघा कसल्या?"

"त्या होय? त्या दिवशी कंपनीनं एका पानाची दोन पानं केली होती. साठला एक पान घ्यायचं म्हणजे लहान प्राण्यांना झेपेना. म्हणून एका पानामागे आणखी एक पान दिलं, आणि भाव निम्मा झाला. साठचं एक काय आणि तीसची दोन काय! कुणाचं काही गेलं नाही, कुणाला काही जास्त मिळालं नाही."

"आणि आज?" खारीने विचारले.

"आजही तेच. काल सांजवेळी राणीमाशीनं कड्यावर जाहीर केलं. ऐकायला तिथे मी होतो आणि तो कोल्हा होता. आजचं भोक म्हणूनच विसावर पाडलं; सांगायलाही गेलो, पण या गलक्यात माझं ऐकतो कोण! दुपारी माश्या येतील आणि जुनं पान ज्याच्या हातात दिसेल, त्याला दुसरं देतील. रेघा मी संध्याकाळी निवांत टोचतो, भोकं मात्र सकाळीच पाडावी लागतात."

आता खारीला सारे लख्ख दिसले. अठरा चारोळ्या देऊन कोल्हा एक पान घेणार आणि दुपारी त्याची वीस-वीसची दोन पाने होणार! तिने खोडावरून जी उडी मारली, ती थेट कोल्ह्याच्या टोपलीत. चारोळ्या चहूकडे उधळल्या.

"कुणी पान देऊ नका!" ती ओरडली. "भाव पडलेला नाही! एका पानाची दोन झाली आहेत! दुपारी प्रत्येकाला दुसरं पान मिळणार आहे. असंच पूर्वीही झालंय, खोडावर आहे ते. या, बघा, हात लावून बघा!"

"खोटं बोलते ही!" कोल्हा गुरगुरला. "जुन्या भोकांना कोण विचारतो? आजचं भोक बघा!"

पण माकडे एव्हाना खोडाच्या मागे पोहोचली होती. "आहे! आहे! दोन रेघा आहेत!" त्यांनी एकच आरडाओरडा केला. रांग मोडली. ससिणीने पाचही पाने पोटाशी घट्ट धरली आणि ती मागे सरली. कोल्ह्याने तिच्याकडे एक जळजळीत नजर टाकली, पण तेवढ्या प्राण्यांपुढे त्याचे काय चालणार?

दुपारी माश्यांचा थवा खरोखरच आला. ताज्या मेणाचा वास बेहड्याखाली दरवळला. ससिणीची पाच पाने दहा झाली. ती मोजताना तिला हसूही येत होते आणि रडूही. खारीची दोन पाने चार झाली. अस्वलाच्या तीन पानांची सहा मात्र कोल्ह्याच्या पदरात पडली, कारण अस्वलाने आपल्या हाताने ती विकली होती. त्या सहा पानांखेरीज कोल्ह्याला त्या बाजारात पुढे काहीच मिळाले नाही. कुणी त्याच्याशी व्यवहारच करीना. अस्वल खाली मान घालून खारीकडे आले आणि म्हणाले, "खारूताई, मलाही शिकव ती भोकं वाचायला. अगदी पहिल्यापासून."

"शिकवते की! पण आधी त्या वेली काढायला मला मदत करायची."

तोवर बाकीच्या प्राण्यांनी तिला गराडा घातला होता. सगळ्यांचे डोळे चमकत होते. "खारूताई, तुला सगळं कळतं! उद्याचा भाव किती? परवाचा? सांग ना, आम्ही आत्ताच पानं घेतो!"

खारीला क्षणभर मोठा मोह झाला. सारे जंगल तिच्या तोंडाकडे बघत होते. एखादा आकडा सांगितला असता, तर सगळ्यांनी डोळे मिटून मानला असता. ती खोडावर चढली, शेवटच्या भोकापाशी गेली आणि त्याच्या पुढच्या कोऱ्या सालीवर तिने पंजा ठेवला.

"इथे अजून काहीच टोचलेलं नाही," ती म्हणाली. "उद्याचं मलाही दिसत नाही. वणव्यात भाव किती पडला, सावरायला किती दिवस लागले, एका पानाची दोन केव्हा झाली, एवढंच मला ठाऊक आहे. उद्या कुणी येऊन आपल्याला घाबरवू लागला, तर तेवढं पुरे आहे."

प्राणी थोडे हिरमुसले. पण एक एक करून ते खोडाच्या मागच्या बाजूला गेले आणि पहिल्या भोकापासून वाचू लागले.

तात्पर्य : कंपनीचे जुने भाव उद्या काय होईल ते सांगत नाहीत, पण जो ते पहिल्यापासून, कारणांसकट वाचतो आणि एकाची दोन पाने केव्हा झाली हेही ध्यानात घेतो, तो एका दिवसाच्या गलक्याने घाबरून आपले धन दुसऱ्याच्या हाती देत नाही.